इंग्रजी पत्रातला ‘सिन्सिअर’: कुठे शोभतो, कुठे नडतो



भाव, उधारी, वायदा आणि कर या विषयांवर आपण नेहमी वाचतो. आज आम्ही इंग्रजीतल्या एकाच शब्दाविषयी लिहीत आहोत. तो शब्द म्हणजे ‘सिन्सिअर’. एका शब्दासाठी एवढी जागा कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, या एका शब्दाने आमचे नऊ वर्षांचे गिऱ्हाईक तोडले. चूक गिऱ्हाइकाची नव्हती, शब्दाचीही नव्हती. चूक आमची होती.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत इंग्रजीची गरज काय, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो परराज्यांत जातो, द्राक्षे परदेशी जातात. या व्यवहारात आपले बागवान बांधव आहेत. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अशा कार्यालयांच्या टेंडरच्या कागदात इंग्रजी शब्द जागोजागी भेटतात. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीमुळे परदेशी शास्त्रज्ञ या भागात ये-जा करतात. 2018 साली जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला. लेणी, शिवनेरी आणि नाणेघाट पाहायला येणारा पाहुणा मराठी जाणणाराच असेल असे नाही. 2017 च्या जुलैपासून जीएसटी आला आणि त्याच्याबरोबर इंग्रजी नोटिसाही आल्या. टॅक्सीवाला, गॅरेजवाला, बेकरीवाला, टेलर, कापडवाला, प्रत्येकाला कधी ना कधी दोन ओळी इंग्रजीत लिहाव्या लागतात. आणि त्या दोन ओळींत ‘सिन्सिअर’ हटकून येतो.

आमची चूक

2001 सालची गोष्ट. दुसऱ्या जिल्ह्यातील एका निवासी शाळेला आम्ही गणवेशाचे कापड पुरवत होतो. शाळेचे व्यवस्थापक केरळचे होते. मराठी त्यांना बेताचीच येई, म्हणून पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. त्या वर्षी साडेअकरा हजार रुपयांची बाकी राहिली. दोन पत्रे गेली, उत्तर नाही. त्यात इकडे आमच्या मागे लूमवाल्याचा तगादा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने चाले. तिसऱ्या पत्रात आम्ही लिहिले: “इफ यू आर सिन्सिअर, क्लिअर अवर बॅलन्स ॲट वन्स.” आमच्या मनात एवढेच होते की, साहेब, जरा मनावर घ्या आणि बाकी चुकती करा.

आठव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने चेक आला. सोबत दोन ओळींचे पत्र होते. हिशेब पूर्ण झाला असून यापुढे कापडाची जरूर नाही, असा त्याचा मजकूर. आम्हाला कारण कळेना. शेवटी एस.टी. धरून आम्ही स्वतः शाळेत गेलो. व्यवस्थापक साहेबांनी चहा पाजला, आमचे पत्र फाईलमधून काढून टेबलावर ठेवले आणि हिंदीत म्हणाले, “सेठजी, उशीर झाला हे कबूल. ज्यांच्या सहीने चेक निघतो ते दवाखान्यात होते. पण उशीर ही खात्याची गोष्ट आहे आणि नियत ही माणसाची गोष्ट आहे. तुम्ही खाते सोडून माणसावर आलात.”

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. “तुम्ही सिन्सिअर असाल तर” याचा इंग्रजीत अर्थ होतो: तुमची नियत साफ असेल तर. म्हणजे ती साफ आहे की नाही, याचा आम्हाला संशय आहे. नऊ वर्षे ज्यांनी वेळेवर पैसे दिले, त्यांच्या तोंडावर आम्ही लेखी संशय घेतला होता.

आम्ही माफी मागितली, त्यांनी ती मान्य केली. पण गणवेशाचे काम तोवर दुसऱ्याकडे गेले होते, ते परत आले नाही. निघताना त्यांनी लाल पेन्सिलीने आमच्या पत्रावर ते वाक्य खोडून दुसरे लिहून दिले: “वी शाल बी ग्रेटफुल इफ यू काइंडली सेंड द बॅलन्स बाय द ट्वेंटिएथ.” म्हणजे, वीस तारखेपर्यंत बाकी पाठवल्यास आभारी होऊ. त्यात संशय नाही, तारीख मात्र आहे. तो कागद आजही आमच्या गल्ल्याच्या खणात आहे.

खालिस, निखालस, मुखलिस

आता शब्दाचा अर्थ पाहू. ‘सिन्सिअर’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘सिन्सेरस’ या शब्दापासून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘सिन्सेरस’ म्हणजे स्वच्छ, शुद्ध, भेसळ नसलेला. आपल्या भाषेत याला काय म्हणावे? खालिस. खालिस तूप, खालिस रेशीम, खालिस चांदी आपण रोज म्हणतो. अरबीत याच ‘खालिस’च्या धातूपासून ‘इखलास’ आणि ‘खुलूस’ झाले, आणि ज्याच्या मनात खुलूस आहे तो ‘मुखलिस’. कुरआनातील 112 व्या सूरहचे नाव आपण लहानपणापासून जाणतो, ते याच कुळातले. मराठीत आपण ‘निखालस’ म्हणतो, त्यातही हाच ‘खालिस’ बसलेला आहे. तुपाची शुद्धता सांगणारा शब्द मनाची शुद्धता सांगू लागला. लॅटिन आणि अरबी या दोन वेगळ्या घराण्यांच्या भाषा, पण दोन्ही एकाच वाटेने चालल्या.

काही लोक या शब्दाची एक गमतीची गोष्ट सांगतात. जुन्या काळी रोममध्ये मूर्तिकार दगडातील भेगा मेणाने बुजवून माल विकत. ज्याचा दगड अखंड असे तो आपल्या मालाला ‘मेणाविना’ म्हणे, आणि लॅटिनमधील ‘मेणाविना’ या शब्दांतून ‘सिन्सिअर’ झाला, अशी ती गोष्ट. शब्दांचे जाणकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. ती नंतर जुळवलेली आहे. पण कापडाच्या धंद्यात असलेल्या माणसाला तिचे मर्म लगेच कळते. थानाच्या घडीत विणीचा दोष आत ठेवून वरची बाजू दाखवणे म्हणजे भेगेत मेण भरणेच होय.

इमाम अबू हनीफा हे कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याविषयी अशी हकीकत सांगितली जाते की, त्यांनी भागीदाराला बजावले होते, अमुक थानात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला सांगूनच विक. भागीदार सांगायला विसरला आणि गिऱ्हाईक कोण होते तेही आठवेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची सगळी रक्कम खैरात केली. खालिस मन आणि खालिस माल यांचा संबंध असा जवळचा आहे.

परंतु आजच्या इंग्रजीत एक फरक लक्षात ठेवावा लागतो. ‘खालिस’ आपण तुपालाही लावतो, ‘सिन्सिअर’ मात्र आता फक्त माणसाच्या मनाला, बोलण्याला आणि हेतूला लागतो. तो वस्तूला लागत नाही.

तीन रूपे, एक कसोटी

या शब्दाची तीन रूपे आहेत आणि बहुतेक चुका एकाच्या जागी दुसरे घातल्याने होतात. उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्या माणसाला एक सोपी कसोटी सापडली आहे.

जिथे ‘मुखलिस’ बसेल तिथे ‘सिन्सिअर’.
जिथे ‘खुलूस से’ बसेल तिथे ‘सिन्सिअरली’.
जिथे नुसते ‘खुलूस’ बसेल तिथे ‘सिन्सिअरिटी’.

ज्यांना मराठी जवळची वाटते त्यांनी ‘निखालस’, ‘मनापासून’ आणि ‘निखालसपणा’ असे तीन शब्द घ्यावेत. कसोटी तीच. उदाहरणे पाहा.

“ही इज अ सिन्सिअर फ्रेंड.” तो मुखलिस दोस्त आहे. येथे शब्द दोस्ताचा गुण सांगतो, म्हणून ‘सिन्सिअर’.

“वी सिन्सिअरली थँक यू.” आम्ही आपले मनापासून आभार मानतो. येथे शब्द आभार मानण्याची रीत सांगतो, म्हणून ‘सिन्सिअरली’.

“वी डू नॉट डाउट युअर सिन्सिअरिटी.” आपल्या खुलूसबद्दल आम्हाला शंका नाही. येथे ते गुणाचे नाव आहे, म्हणून ‘सिन्सिअरिटी’.

आता नेहमी होणाऱ्या चुका.

चूक: आय ॲम सिन्सिअर सॉरी.
बरोबर: आय ॲम सिन्सिअरली सॉरी.

चूक: प्लीज ॲक्सेप्ट अवर सिन्सिअरली ॲपॉलॉजी.
बरोबर: प्लीज ॲक्सेप्ट अवर सिन्सिअर ॲपॉलॉजी.

चूक: वी आर सिन्सिअरली रिग्रेट द डिले.
बरोबर: वी सिन्सिअरली रिग्रेट द डिले.

चूक: हिज सिन्सिअर इज गुड.
बरोबर: ही इज सिन्सिअर.

पहिल्या दोन जोड्या शेजारी ठेवून पाहा. ‘सॉरी’ हा स्वतःच गुण सांगणारा शब्द आहे, त्याच्या आधी ‘ली’ लागते. ‘ॲपॉलॉजी’ म्हणजे माफी, हे नाम आहे, त्याच्या आधी ‘ली’ लागत नाही. एवढे पाठ केले तरी निम्मी पत्रे शुद्ध होतील. तिसऱ्या जोडीत ‘आर’ उगीच घुसला आहे. ‘रिग्रेट’ हे क्रियापद स्वतःच्या पायावर उभे असताना त्याला ‘आर’चा टेकू कशाला?

स्पेलिंगचेही सांगून टाकू. ‘सिन्सिअर’च्या शेवटी ‘ई’ हे अक्षर आहे. ‘ली’ जोडताना ते तसेच राहते. पुष्कळ लोक ते गाळतात. ‘सिन्सिअरिटी’ लिहिताना मात्र ते गळते. उच्चारात जोर दुसऱ्या भागावर, ‘सिअर’वर द्यावा.

कोणत्या नामांबरोबर हा शब्द शोभतो, याची छोटी यादी वहीत लिहून ठेवावी. आभार, माफी, खेद, शोक, शुभेच्छा, इच्छा, प्रयत्न, विश्वास, सल्ला आणि मित्र. यांच्याबरोबर ‘सिन्सिअर’ बिनधोक वापरावा. कोणाच्या घरी मयत झाली तर “माय सिन्सिअर कन्डोलन्सेस” लिहिणे योग्य आहे.

माल आणि भावाला हा शब्द नको

एका टेलर बांधवाने दुकानाच्या पाटीवर ‘सिन्सिअर स्टिचिंग’ असे लिहून घेण्याचा विचार आम्हाला बोलून दाखवला. हेतू चांगला होता. शिलाई मन लावून करतो, असे त्यांना म्हणायचे होते. पण शिलाईला नियत नसते, शिवणाऱ्याला असते. आम्ही सुचवले, ‘नीट’ किंवा ‘क्वालिटी स्टिचिंग’ लिहा. गंमत अशी की, 400 वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शुद्ध वस्तूलाही ‘सिन्सिअर’ म्हणत असत. म्हणजे आमच्या टेलर बांधवांची पाटी चुकीची नव्हती, फक्त चार शतके उशिरा निघाली होती.

आपल्या धंद्यात कोणत्या जागी कोणता शब्द बसतो ते पाहा.

रेशीम, मध किंवा अत्तर भेसळीचे नाही असे सांगायचे तर ‘प्युअर’. माल नकली नाही असे सांगायचे तर ‘जेन्युइन’. गाडीचा सुटा भाग असली आहे, तर ‘जेन्युइन पार्ट’.

भाव वाजवी आहे, तर ‘फेअर प्राइस’ किंवा ‘रीझनेबल प्राइस’. घासाघीस नाही, तर ‘फिक्स्ड प्राइस’. ‘सिन्सिअर प्राइस’ असे काही नसते.

गाळा किंवा जुनी मशीन विकायची आहे आणि उगाच चौकशी करणारे नकोत, तर ‘जेन्युइन बायर’ किंवा ‘सीरियस बायर’ लिहावे.

माणूस पैशाच्या व्यवहारात चोख आहे, तर ‘ऑनेस्ट’. येथे थोडे थांबावे लागेल. मराठीत ‘प्रामाणिक’ हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो. प्रामाणिक नोकर आणि प्रामाणिक इच्छा. इंग्रजी येथे दोन वाटा करते. गल्ल्याला हात न लावणारा नोकर ‘ऑनेस्ट’, मनापासूनची इच्छा ‘सिन्सिअर’. उर्दूतही तसेच आहे. पहिला दियानतदार, दुसरी मुखलिसाना. म्हणून मराठीतून इंग्रजी करताना ‘प्रामाणिक’ आला की दोन क्षण थांबून विचारावे, गोष्ट पैशाची आहे की मनाची?

कामसू माणसाला काय म्हणावे?

आता सर्वांत मोठा घोटाळा. आपल्या देशात ‘सिन्सिअर’चा एक वेगळाच अर्थ रूढ झाला आहे. शाळेत गुरुजी म्हणतात, मुलगा फार सिन्सिअर आहे. म्हणजे रोज येतो, अभ्यास करतो, वह्या पूर्ण ठेवतो. कारखान्यात साहेब म्हणतात, सिन्सिअर वर्कर आहे. म्हणजे वेळेवर येतो आणि नेमून दिलेले काम करतो. हिंदुस्थानात हा वापर सर्वांना कळतो. येथल्या येथे तो चूक म्हणता येणार नाही. परंतु इंग्लंड-अमेरिकेच्या इंग्रजीत हा अर्थ नाही. तेथे ‘सिन्सिअर’ म्हणजे मनात एक आणि ओठावर दुसरे नाही, इतकेच. तो कष्टाळू आहे की आळशी, याचा त्यातून बोध होत नाही.

याचा अनुभव आम्हाला आमच्याच दुकानात आला. आमच्याकडे सहा वर्षे काम केलेला ओतूरकडचा एक तरुण आखाती देशात नोकरीसाठी निघाला. त्याने शिफारसपत्र मागितले. आम्ही मोठ्या कौतुकाने लिहिले, “ही इज व्हेरी सिन्सिअर बॉय.” आमच्या नात्यातील एक गृहस्थ तिकडे बरीच वर्षे हिशेबनीस होते आणि सुटीवर आले होते. त्यांनी पत्र वाचले आणि म्हणाले, “मामू, तिकडचा गोरा मॅनेजर हे वाचून म्हणेल, मन साफ आहे, फार छान, पण याला काम काय येते?” शिवाय वाक्यात ‘अ’ राहिला होता, आणि चोवीस वर्षांच्या माणसाला ‘बॉय’ म्हणणेही बरे नव्हते.

मग त्यांनी आमच्याकडून खोदून खोदून माहिती काढली. गल्ला सांभाळत होता का? होय. सुट्या किती घेतल्या? ईदच्या आणि घरच्या लग्नाच्या. माल मोजण्यात कधी फरक आला का? कधीच नाही. त्यावरून नवे पत्र झाले: “ही वर्क्ड इन अवर शॉप फॉर सिक्स इयर्स. ही इज ऑनेस्ट, पंक्चुअल अँड हार्ड-वर्किंग. ही हँडल्ड कॅश अँड स्टॉक, अँड वी नेव्हर फाउंड अ मिस्टेक.” मराठीत सांगायचे तर, सहा वर्षे काम केले, प्रामाणिक, वेळ पाळणारा आणि मेहनती आहे, रोकड आणि माल त्याच्या हाती होता, चूक कधी सापडली नाही. ‘सिन्सिअर’ हा शब्द कुठेच नाही, पण माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पोराला नोकरी लागली. ती या पत्रामुळेच लागली असे आम्ही म्हणत नाही, पण पहिले पत्र गेले असते तर त्याच्या सहा वर्षांच्या मेहनतीचा एक शब्दही त्यात नव्हता.

यावरून नियम असा. शिफारस करताना मेहनतीसाठी ‘हार्ड-वर्किंग’, वेळेसाठी ‘पंक्चुअल’, भरवशासाठी ‘रिलायबल’, बारकाईसाठी ‘केअरफुल’ लिहावे. आपल्या मुलांच्या रोजीरोटीचा प्रश्न असतो. मोघम शब्द खर्चू नये.

पत्राच्या शेवटी

पत्राच्या शेवटी सहीच्या वर ‘युअर्स सिन्सिअरली’ लिहितात, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘युअर्स फेथफुली’ हेही ठाऊक आहे. पण कोणते कुठे, हे विचारले तर दहांतले आठ जण गप्प बसतात. नियम अगदी साधा आहे.

पत्राच्या आरंभी नाव घेतले असेल, जसे ‘डिअर मिस्टर कुलकर्णी’ किंवा ‘डिअर मिसेस शेख’, तर शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’.

आरंभी नाव नसेल, नुसते ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ असेल, तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’. बँक, कर खाते, वीज कंपनी आणि पंचायत समिती यांना बहुधा हेच लागते.

मराठीत आपण शेवटी ‘आपला विश्वासू’ लिहितो, ते झाले ‘फेथफुली’. उर्दूत ओळखीच्या माणसाला ‘आपका मुखलिस’ लिहितात, ते झाले ‘सिन्सिअरली’. असे लक्षात ठेवले की घोटाळा होत नाही. अमेरिकेत नुसते ‘सिन्सिअरली’ किंवा ‘सिन्सिअरली युअर्स’ लिहिण्याची रीत आहे, तेव्हा तिकडून तसे पत्र आले तर ती चूक समजू नये.

दोन बारकावे राहिले. ‘युअर्स’मध्ये ‘एस’च्या आधी डोक्यावर स्वल्पविराम देत नाहीत. आपल्याकडे तो हमखास दिलेला दिसतो. आणि ‘युअर्स’चा ‘वाय’ मोठा, पण ‘सिन्सिअरली’चा ‘एस’ लहान काढावा.

जुन्नरच्या माणसाला तर पत्राची अदब नव्याने शिकवण्याची गरज नसावी. येथील कागदी बांधवांनी हाताने बनवलेला जुन्नरी कागद पेशवाईत नावाजलेला होता. कागद आपल्या वाडवडिलांनी घोटून गुळगुळीत केला. त्यावरचा मजकूर खडबडीत राहू नये, एवढेच आपल्या हाती आहे.

टेंडरातला ‘अर्नेस्ट’

खऱ्या मनाचा अर्थ देणारा आणखी एक इंग्रजी शब्द म्हणजे ‘अर्नेस्ट’. गंभीरपणे, कळकळीने केलेल्या गोष्टीला तो लावतात. “ॲन अर्नेस्ट रिक्वेस्ट” म्हणजे कळकळीची विनंती. टेंडर भरणाऱ्यांना मात्र तो ‘अर्नेस्ट मनी डिपॉझिट’ म्हणून ओळखीचा आहे. टेंडर भरताना ठेवायची अनामत ती. गाळा किंवा जमीन घेताना आपण इसार देतो आणि इसारपावती करतो, त्यालाही ‘अर्नेस्ट मनी’च म्हणतात.

येथे पुन्हा एक गंमत आहे. या दोन ‘अर्नेस्ट’चे मूळ एक नाही. इसाराचा ‘अर्नेस्ट’ फ्रेंच, लॅटिन आणि ग्रीक भाषांतून मागे जात एका सामी शब्दापर्यंत पोचतो. त्याच कुळातला अरबी शब्द म्हणजे ‘अर्बून’. फिकहच्या किताबांत ‘बैउल अर्बून’ हे प्रकरण ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो ओळखू येईल. इसार देऊन केलेला सौदा मोडला तर इसाराची रक्कम कोणाची, याची चर्चा तेथे आहे आणि त्यावर इमामांचे मतभेद आहेत. तात्पर्य, टेंडरमध्ये ‘अर्नेस्ट’ दिसला तर तेथे मनाची कळकळ मागितलेली नाही, रोख रक्कम मागितलेली आहे. फॉर्म भरताना ती राहिली तर टेंडर बाद होऊ शकते.

माफीचा एक नमुना

हा शब्द सर्वांत जास्त लागतो तो माफीच्या पत्रात. माल उशिरा गेला, थानात दोष निघाला, शिलाईचे माप चुकले, की माफी मागावी लागते. पुढील नमुना आम्ही स्वतः वापरतो.

“डिअर मिस्टर कुलकर्णी, थ्री पीसेस इन युअर लास्ट ऑर्डर वेअर डिफेक्टिव्ह. इट वॉज अवर मिस्टेक. वी विल रिप्लेस देम ॲट अवर कॉस्ट बाय द फिफ्टीन्थ. प्लीज ॲक्सेप्ट अवर सिन्सिअर ॲपॉलॉजीज. युअर्स सिन्सिअरली.”

म्हणजे, मागील ऑर्डरमधील तीन नग सदोष निघाले, चूक आमची होती, पंधरा तारखेपर्यंत आमच्या खर्चाने बदलून देऊ, आमची मनापासूनची माफी स्वीकारावी. क्रम पाहा. आधी काय बिघडले, मग चूक कोणाची, मग भरपाई काय आणि कधी, आणि त्यानंतर ‘सिन्सिअर’. भरपाईच्या आधी आलेला ‘सिन्सिअर’ म्हणजे दोषी थानावरचे मेण. भरपाईच्या नंतर आलेला ‘सिन्सिअर’ म्हणजे पावतीवरची सही.

पत्रात हा शब्द एकदाच यावा. काही जण ‘मोस्ट सिन्सिअरली अँड ऑनेस्टली’ असे लिहितात. विक्री करताना वारंवार कसमा खाण्याने माल खपतो पण बरकत निघून जाते, अशी ताकीद हदीसमध्ये आलेली आहे. पत्रातली ही माळ त्याच जातीची. वाचणाऱ्याला वाटते, एवढे सांगावे लागते त्या अर्थी काहीतरी पाणी मुरते आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्ही साडेअकरा हजारांच्या बाकीपायी शिकलो. ‘सिन्सिअर’ हा शब्द आपल्या आभाराला, आपल्या माफीला, आपल्या इच्छेला लावावा. दुसऱ्याला लावायचा तर स्तुती म्हणूनच लावावा. ‘असाल तर’ या शब्दांबरोबर तो कधीही लावू नये. बाकी मागताना रक्कम लिहा, तारीख लिहा, बिलाचा नंबर लिहा. समोरच्याच्या नियतीचा हिशेब आपल्या वहीत नसतो, तो अल्लाहच्या दरबारी असतो.

व्यवस्थापक साहेब नंतर निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या लाल पेन्सिलीच्या ओळीवरून आम्ही आजवर बाकीची किती पत्रे लिहिली याची गणती नाही. पैसे कधी लवकर आले, कधी उशिरा आले. पण त्या ओळीमुळे एकही गिऱ्हाईक तुटले नाही.

अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारात खुलूस आणि रोजीत बरकत देवो. आमीन.